चार संत्र्यांचे ढीग

सौंसरला काय पाहायला गेला होतात, असं परतल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं. संत्र्यांच्या बागा आहेत, कापूस आहे, जवळच जामसावळीचा मारुती आहे, एवढं सांगून मी विषय बदलते. खरं म्हणजे मी काही पाहायला गेलेच नव्हते. एका माणसाची माफी मागायला गेले होते.

मी पस्तीस वर्षं पुण्यातल्या एका महाविद्यालयात गणित शिकवलं. तेरा वर्षांपूर्वी नागपुरात प्राथमिक शिक्षकांसाठी गणिताचं एक शिबिर भरलं होतं, त्यात मी तज्ज्ञ म्हणून बसले होते. मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातले शिक्षकही आले होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं दिली होती. जेवणाची वेळ टळून चाललेली, आणि एक सडपातळ गुरुजी फळ्यापाशी आले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्यांनी फळ्यावर लिहिलं : १, २, ३, ४, ६, ८, ११. म्हणाले, "आमच्या पाचवीच्या वर्गात संत्र्याचे ढीग करता करता हे आकडे निघाले."

एखादी संख्या लहान लहान संख्यांच्या बेरजेत किती तऱ्हांनी फोडता येते, हा गणितातला जुना विषय. त्याला विभाजन म्हणतात. एका संत्र्याचा एकच ढीग, दोनाचे दोन प्रकार, तिनाचे तीन, चाराचे पाच, पाचाचे सात, सहाचे अकरा. ही रांग मला तोंडपाठ. गुरुजींच्या रांगेत चौथ्या जागी पाचाऐवजी चार पाहिले आणि मी पुढचं ऐकलंच नाही.

"गुरुजी, चार संत्र्यांचे ढीग किती तऱ्हांनी होतात?"

"पाच होतात मॅडम, पण आमचा प्रश्न..."

"मग चार कसे लिहिले? एक विसरलात. इथे येण्याआधी निदान बोटांवर मोजून तरी यायचं."

सभागृह हसलं. मीही हसले. गुरुजींनी डस्टर घेऊन फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नीट पुसला, खडू जागेवर ठेवला आणि ते खाली जाऊन बसले. त्यांची साडेतीन मिनिटं उरली होती.

गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, मुलांसाठी काही गणितं तयार करत होते. म्हटलं, विभाजनातल्या संख्यांचा गुणाकार केला तर वेगवेगळी उत्तरं किती येतील? चाराचे पाच प्रकार घेतले. चार. तीन आणि एक. दोन आणि दोन. दोन, एक, एक. आणि चार वेळा एक. गुणाकार आले चार, तीन, चार, दोन, एक. चार हे उत्तर दोनदा आलं, म्हणजे वेगळी उत्तरं चारच. पाचाची सहा आली. सहाची आठ. साताची अकरा लिहिली आणि हात थांबला. ही रांग मी आधी पाहिली होती. कुठे पाहिली, तेही लगेच आठवलं.

संख्यांच्या रांगा गोळा करून ठेवलेला एक मोठा संग्रह इंटरनेटवर आहे. पहिल्या काही संख्या टाकल्या की पुढच्या दाखवतो. त्यात ही रांग निघाली. गुरुजींचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. मी प्रश्न न ऐकताच उत्तर तपासलं होतं.

शिबिराची जुनी यादी मिळवायला दोन महिने गेले. त्यात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाआधीच्या शेवटच्या ओळीत एवढंच होतं : मधुकर घागरे, पांढुर्णा.

पांढुर्णा

नागपूरहून गाडी दीड-दोन तासांत पांढुर्ण्याला पोचते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता, सकाळी शाल लागत होती आणि अकरा वाजता ऊन पाठीला झोंबत होतं. फलाटावरची पाटी हिंदीत, रिक्षांवरची अक्षरं हिंदीत, दुकानांची नावं हिंदीत, आणि बोलणं मात्र सगळं मराठी. आमच्या पुण्यात याच्या बरोबर उलटं होत चाललंय, असं मनात आलं.

स्टेशनबाहेर पोहे घेतले. वरून तर्री घालू का, असं विचारायची इथे पद्धत नाही. पोह्यांवर लालभडक रस्सा आला आणि पहिल्याच घासाला त्यातला निम्मा माझ्या पांढऱ्या साडीवर गेला. पोहेवाल्याने न सांगता लिंबाची फोड आणि पाणी पुढे केलं. "चोळा मावशी, वाळलं तं जात नाई ते." डाग फिकट झाला, गेला नाही. दिवसभर मी पदर पुढे धरून हिंडले.

घागरे कुठे राहतात, असं विचारलं तर ज्याने त्याने आत्मविश्वासाने पत्ता सांगितला. अर्ध्या तासाने मी घागरे नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांपुढे उभी होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, माझ्यामागे गाय दिसत नाही म्हणून जरा बुचकळ्यात पडले, आणि मग हसून म्हणाले, "मास्तर घागरे पायजे तुमाले? ते तं सौंसरले गेले ना पोरीकडे. तुमी सोमकुवर सरांना भेटा. दोघं एकाच शाळेत होते."

सोमकुवर सर सेवानिवृत्त, गोलसर, बोलके. मी नाव सांगितलं, नागपूरचं शिबिर सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला. "अरे! तुमीच त्या मॅडम? मी मांगच्याच बाकावर होतो!" त्यांनी बायकोला हाक मारली. "अवं, ये ना बाहेर. त्या एक-कमीवाल्या मॅडम आल्या!"

बाई सांबारवडी घेऊन आल्या. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. गरम, कुरकुरीत, आतून हिरवीगार. मी एक खाल्ली, दुसरी उचलली आणि विचारलं, "एक-कमी म्हणजे?"

"मधुकरचं नावच पडलं ना ते. एक-कमी गुरुजी. चार संत्रे मोजता आले नाई म्हनून." ते मनापासून हसत होते. "मीच शाळेत येऊन सांगतलं सगळ्याईले. मजाक म्हनून हो. पन मंग पोट्टे म्हनायले लागले, मायबाप म्हनायले लागले. एक जन तं हेडमास्तरकडे आला, म्हने याले मोजता येत नाई अन् हा आमच्या पोराले गनित शिकवून राहिला? मंग मधुकरनंच लिहून देल्लं, मले गनित नोको. रिटायर होयेपर्यंत हिंदी अन् पर्यावरनच घेतलं त्यानं. नऊ साल."

दुसरी वडी मी ताटलीत परत ठेवली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पाच ढीग, त्यांचे गुणाकार, दोनदा येणारा चार. कागदावर लिहून दाखवलं. सोमकुवर सर कागदाकडे पाहत राहिले. त्यांनी पाच ओळी बोटाने एकेक करून मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"म्हनजे बरोबर होता तो?"

"पूर्ण बरोबर."

त्यांच्या पत्नी आत निघून गेल्या. सर म्हणाले, "सौंसरची बस साडेतीनले हाय. मी येतो स्टँडवर." बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. मधुकरला काही निरोप सांगू का, असं मी विचारलं, तर त्यांनी हात जोडले आणि मान हलवली. काहीच सांगू नका.

सौंसर

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा लागतात. मृग बहाराची फळं उतरवणं चालू होतं. झाडांखाली बायका बसून मोठं-लहान निवडत होत्या आणि निवडलेल्या फळांचे ढीग करत होत्या. मधल्या पट्ट्यांत वेचून झालेल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. शेजारच्या बाईने न विचारता सोलून अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. पुण्याच्या बसमध्ये मी आयुष्यात कुणाला असं अर्धं फळ दिलेलं नाही.

रात्र लॉजवर काढून सकाळी गुरुजींकडे गेले. दार त्यांच्या मुलीने, वंदनाने उघडलं. गुरुजी ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. आता सहासष्टीचे असतील. शर्ट तसाच, मनगटापर्यंत बटणं. मला पाहून उठले. मी नाव सांगायच्या आधी म्हणाले, "या मॅडम. नागपूर."

तेरा वर्षांत माझे केस पांढरे झाले, चष्मा बदलला. तरी त्यांनी ओळखलं. मी तो चेहरा विसरले होते, ते विसरले नव्हते.

मी माफी मागितली. गाडीत शंभरदा घोकलेली वाक्यं होती, त्यातलं एकही नीट आलं नाही. तुमचं बरोबर होतं, मी ऐकलं नाही, मला क्षमा करा, एवढंच. गुरुजी वाटाण्यांच्या शेंगा चाळवत ऐकत होते.

"नाई मॅडम. तुमी बोलल्या ते बरोबरच होतं. चाराचे पाचच होतात. मी आंधी प्रश्न सांगायले पायजे होता अन् मंग आकडे लिहायले. माह्याच मांडन्यात गलती होती."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा म्हणतील जाऊ द्या. त्यांनी दोष स्वतःकडे घेतला होता, आणि तो तेरा वर्षं तिथेच नीट ठेवला होता.

"बाबा, असं काहून म्हनता?" वंदना दारातून म्हणाली. "तुमचं नव्हतं चुकलं म्हनते न त्या."

"चूप राय वो." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "माह्यं सोडा. ते माह्यं नव्हतंच. छायाचं होतं."

तेव्हा मला छाया कळली. पाचवीतली मुलगी, बाप शिंपी. गुरुजींनी वर्गात खेळ काढला होता : संत्र्यांचे ढीग करायचे, गुणाकार करायचा, ज्याचं उत्तर नवीन त्याला एक फोड. एके दिवशी छाया उठून म्हणाली, गुरुजी, चाराचा ढीग फोडून दोन-दोन केले तरी उत्तर तेच राहते. सहाचा फोडून दोन अन् तीन केले तरी तेच, फक्त एक संत्रं उरते. ते एकटं बाजूले ठेवायचं, गुणाकाराले त्याचा फरक पडत नाही. मग मोठे ढीग कायले मोजायचे? न फुटणारे अन् एकटे, तेवढेच मोजू.

न फुटणारे म्हणजे आपण ज्यांना मूळ संख्या म्हणतो. इकडच्या पुस्तकात अभाज्य. अकरा वर्षांच्या मुलीने सांगितलं होतं की वेगवेगळे गुणाकार जितके, तितकेच फक्त मूळ संख्या आणि एक वापरून केलेले ढीग. संग्रहात त्या रांगेखाली हेच दोन अर्थ लिहिलेले आहेत, आणि दुसरा अर्थ सिद्ध करायला मला घरी अर्धा दिवस लागला होता.

"ते सांगायलेच मी नागपूरले गेलतो," गुरुजी म्हणाले. "पोरीले म्हटलं होतं, तुह्यं नाव घेतो तिथं. परत आलो तं फाटकातच उभी. म्हने, गुरुजी, नाव घेतलं? मी म्हटलं, हो बेटा, सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या."

त्यांनी सोललेले वाटाणे वाटीत ओतले.

"दुसऱ्या दिवशी सोमकुवरनं पोट्ट्याईले खरं सांगतलं. मंग ते पोरगी माह्याशी बोललीच नाई. दोनदा बसमधी दिसली आता, मोहगाववरून येतानी. लग्न होऊन तिथं गेली ते. मले पाहून तोंड फिरवलं तिनं. बरोबर हाय. गुरुजीनं पोरीशी खोटं बोलाव का?"

जेवल्याशिवाय वंदनाने सोडलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवणार का' विचारतात, इथे पाट मांडूनच हाक मारतात. ज्वारीची भाकर, भरीत, वाटाण्याची उसळ. गुरुजींनी माझ्या ताटात तीनदा वाढलं. मी विचारलं, छायाला ते कसं सुचलं, याचं तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का? गुरुजी म्हणाले, वर्गाची वही होती, प्रत्येकाच्या उत्तरांची, वीस संत्र्यांपर्यंत. गणित सोडलं त्या वर्षी रद्दीत दिली.

मी हात धुताना त्यांनी हळूच विचारलं, "अठराच होतात ना, मॅडम? नऊ संत्र्यांचे?"

"अठराच," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

मोहगाव

मोहगाव जवळच आहे, सकाळच्या बसने मी तिथे उतरले. छायाचं घर सापडायला वेळ लागला नाही. शाळेचे गणवेश शिवणारी छाया म्हटलं की लहान मुलंही बोट दाखवतात. पुढच्या खोलीत मशीन, निळ्या कापडाचे तागे, आणि खाली चिंध्यांत खेळणारी तीन वर्षांची मुलगी. छाया चोवीस-पंचवीसची, गळ्यात टेप. तिला वाटलं मी कुठल्या शाळेकडून माप द्यायला आले.

मी कोण ते सांगितलं. ती उभीच राहिली.

"तुमी नागपूरच्या?"

"हो."

"गुरुजीले काही झालं का?"

"नाही, नाही. बरे आहेत. काल मी त्यांच्याकडेच जेवले."

ती बसली. मी सगळं सांगितलं, या वेळी प्रश्न आधी आणि आकडे नंतर. तिच्या हातात कात्री होती, ती उघडत मिटत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "म्हनजे माह्यं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं. तुझं ते न फुटणाऱ्या ढिगांचं तर फार सुंदर होतं."

"मले वाटलं, माह्यंच चुकलं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "सोमकुवर सरनं सांगतलं न, गुरुजीले हसले म्हनून. मी म्हटलं, मी चुकीचं सांगतलं अन् माह्यामुळं गुरुजीले हसले. तरी ते मले खोटं बोलले, मले वाईट वाटू नये म्हनून. मंग कोन्या तोंडानं बोलू त्यायच्याशी? अन् त्याईनं गनितच सोडलं. मी पन मंग नववीत गेल्यावर हात नाई लावला. पास होयेपुरतं केलं."

"बसमध्ये ते दिसले, तेव्हा तू..."

"तोंड फिरवलं. शरम वाटते न मॅडम."

मी तिला सांगितलं की गुरुजींना काय वाटत होतं. ते खोटं बोलले म्हणून ती रागावली आहे, असं. दोघं इतकी वर्षं एकमेकांपासून तोंड लपवत होते, अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि दोघांचाही काही दोष नव्हता. मला मात्र ती रांग पुन्हा समोर येईपर्यंत एकदाही तो दिवस आठवला नव्हता. सभागृह हसलं आणि आम्ही जेवायला गेलो, जेवणात काय होतं तेही मला सांगता येणार नाही.

आत्ताच सौंसरला जाऊ, असं मी सुचवलं. तिने निळ्या तागांकडे पाहिलं. उद्या चाळीस गणवेश द्यायचे होते. मग मी वंदनाच्या नंबरवर फोन लावला, गुरुजींना द्या म्हटलं, आणि फोन छायाच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला. पलीकडून गुरुजींचा आवाज मला ऐकू येत होता. "हॅलो? कोन हाय? हॅलो?"

मी उठून अंगणात गेले. समोरच्या घराच्या भिंतीवर शेण्या वाळत होत्या. मग आतून छायाचा आवाज आला, एखादी मुलगी वडिलांना रोज विचारते तसा.

"गुरुजी, जेवले का?"

गणिताचं एक अक्षर दोघांनी काढलं नाही. कपाशी कशी झाली, पोरगी केवढी झाली, काकू वारल्या का हो, कधी, मले कोनी सांगतलं नाई. तिने पदराने डोळे पुसले ते मला खिडकीतून दिसलं. चार-पाच मिनिटांनी फोन परत आणून दिला.

"नाव घेता येईल का अजून कुठे?" मी विचारलं. "एखाद्या मासिकात, मुलांसाठी. मी लिहून देईन. तुझं आणि गुरुजींचं."

मुलगी छायाच्या मांडीवर येऊन बसली होती आणि टेप ओढत होती.

"लिहा ना," ती म्हणाली. "पन मले आता ते येत नाई, मॅडम. कोनी येऊन विचारलं तं मी काय सांगू?"

पुढची बस तासाभराने होती. मी कागद मागितला. तिने शर्टाचं माप लिहायची वही पुढे केली, मागचं पान उघडलं, आणि आम्ही एका संत्र्यापासून सुरुवात केली. सहापर्यंत पोचलो तेव्हा बस आली. ती म्हणाली, तुम्ही निघा, नाहीतर गाडी चुकेल, साताचे मी काढते. मी निघाले.